लाकडी चौकटीचं दुकान, पुण्याच्या हवेत: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

प्रश्न : वाघोलीत ३० बाय ३० फुटांचं कापडाचं दुकान लाकडी फ्रेममध्ये बांधायचं आहे. भिंतीची उंची १० फूट. लाकूड किती लागेल आणि भिंतीत काय काय भरायचं?

उत्तर : स्टड, म्हणजे फ्रेमची उभी लाकडं, २ बाय ६ इंचांची घ्या आणि मध्यापासून मध्यापर्यंत नेमक्या २ फुटांवर (६१० मिमी) उभी करा. परदेशी ड्रॉइंगमध्ये ६०० मिमी लिहिलेलं असतं. ते इथे जसंच्या तसं उचललं की घोळ होतो. आपली ८ बाय ४ ची प्लायवूड शीट १२२० मिमी रुंद असते. पहिल्या शीटची कड कशीबशी स्टडवर बसते, दुसरीची हवेतच राहते आणि खिळा पकडत नाही.

चार भिंतींचा घेर १२० फूट. कोपरे आणि दारं-खिडक्यांच्या बाजूची जोडलाकडं धरून साधारण ७५ स्टड होतात, म्हणजे ६२ घनफूट. खाली एक आणि वर दोन आडव्या पट्ट्यांचे ३० घनफूट. तूटफूट धरून १०० ते १०५ घनफुटांची मागणी नोंदवा. छताचा हिशोब वेगळा. ३० फुटांचं अंतर एका दमात पेलायचं तर कैची (ट्रस, म्हणजे छत पेलणारी त्रिकोणी चौकट) हवी, नाहीतर मधे खांबांची एक ओळ. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या.

भिंतीचे थर बाहेरून आत असे: फायबर सिमेंट बोर्ड, त्यामागे उभ्या पट्ट्यांवर २० ते २५ मिमी मोकळी हवा (वर आणि खाली तोंड उघडं, त्यावर जाळी), पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पातळ पडदा (मेम्ब्रेन), १२ मिमी मरीन प्लाय, स्टडच्या मधे १४० मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची उष्णतारोधक गादी), आणि आत जिप्सम बोर्ड. प्लायला कडेने ६ इंचांवर आणि मधे १२ इंचांवर खिळे. वारा आणि भूकंपाचा आडवा जोर हा प्लायच घेतो, म्हणून खिळ्यांत काटकसर नको. रॉकवूल दोन स्टडमधल्या मोकळ्या जागेपेक्षा सेंटिमीटरभर रुंद कापा. सैल बसलं तर खाली सरकतं आणि भिंतीचा वरचा भाग तापतो. नीट भरलेल्या अशा भिंतीतून नऊ इंची विटेच्या भिंतीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढीच उष्णता आत येते. छत मात्र त्याहून महत्त्वाचं, कारण दिवसभर ऊन तेच झेलतं. तिथे १५० मिमी रॉकवूल, त्यावर हवा खेळणारी पोकळी आणि वर पांढरा पत्रा.

प्रश्न : ठेकेदार म्हणतो, जिप्समच्या मागे प्लास्टिकचा कागद लावू, म्हणजे ओल येणार नाही. लावू का?

उत्तर : लावू देऊ नका. ती पद्धत थंड देशांची. तिथे घराच्या आतली उबदार दमट हवा बाहेर जाताना भिंतीत गार पडते, म्हणून आतून प्लास्टिक. पुण्यात पावसाळ्यात नेमकं उलटं होतं. बाहेर २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की ती हवा साधारण २३ अंशांवर दव सोडते. दुकानात एसी २० वर असेल तर प्लास्टिकच्या मागच्या बाजूला पाणी सुटतं, ते रॉकवूलमध्ये मुरतं आणि खालच्या पट्टीपाशी साचतं. चार महिन्यांत तिथे बुरशी. आतून साधा रंग द्या, विनाइलचा वॉलपेपरही टाळा. तो प्लास्टिकचंच काम करतो. एसी २४ ते २५ वर ठेवलात तर वीजही वाचते आणि भिंतही कोरडी राहते.

प्रश्न : दुकानाचं तोंड पश्चिमेला. दर्शनी काच ८ फूट उंच हवीच आहे. ३ फुटांचा छज्जा पुरेल?

उत्तर : नाही. एप्रिलच्या मध्यावर दुपारी साडेचारला पुण्यात सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला आणि जेमतेम ३२ अंशांवर असतो. ३ फुटांच्या छज्ज्याची सावली काचेवर दोन फूटही उतरत नाही. वाड्यांसारखी ८ फुटांची पडवी काढलीत तर काचेचा वरचा ५ फूट भाग सावलीत जातो. उरलेल्यासाठी पडवीच्या कडेला लाकडी उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी. काचेचा एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता काच आत सोडते तो आकडा, ०.३ च्या आत मागा. शटरची पेटी फ्रेमच्या बाहेर ठेवा. भिंतीत घातलीत तर तेवढ्या जागी इन्सुलेशनच नसतं. दाराला डोअर क्लोजर लावा. उघड्या दाराने आलेली पावसाळी हवा सुकवण्यातच एसीचा निम्मा जीव जातो. ५० वॅटचे ५० हॅलोजन लावलेत तर पाऊण टनाच्या आसपास एसी फक्त दिव्यांच्या उष्णतेसाठी खर्च होईल. एलईडीच घ्या.

प्रश्न : आगीचं काय?

उत्तर : लाकूड मिनिटाला साधारण ०.७ मिमी जळतं. म्हणून जाड तुळई बराच वेळ भार पेलते. दोन इंची स्टडला ही सवलत नाही. दोन्ही बाजूंनी पेटला तर अर्ध्या तासात संपतो. त्याचं रक्षण जिप्सम करतं, तेव्हा फायर-रेटेड बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न येतील असे. भिंतीत थर्माकोल अजिबात नको. नकाशा मंजुरीला जाण्याआधी अग्निशमन सल्लागाराला दाखवा.

प्रश्न : वाळवी लागणार नाही याची खात्री कशी?

उत्तर : वाड्याचा खांब कधी मातीवर टेकत नसे. तो तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर उभा, आणि तळखडा जोत्यावर. तेच करा. जोतं जमिनीपासून किमान दीड फूट, फरशीआधी मातीला वाळवीप्रतिबंधक औषध, आणि लाकूड व काँक्रीट यांच्यामध्ये ओलरोधक थर व गॅल्व्हनाइज्ड पत्रा, कडेने खाली वाकवलेला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून दाबाखाली औषध मुरवलेलं लाकूड घेतलंत तरी साइटवर कापलेली टोकं उघडीच असतात; प्रत्येक टोकाला औषधाचे दोन हात द्या. अशा लाकडात मुरवलेल्या औषधातलं तांबं साधा खिळा गंजवतं, म्हणून खिळे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले (हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड) घ्या. बाहेर जोत्याची ६ इंचांची पट्टी कायम दिसती ठेवा. तिच्यावर टाइल चढवली किंवा झाडांच्या कुंड्या टेकवल्या की वाळवीची मातीची नळी लपते. आणि जिप्सम ठोकण्याआधी प्रत्येक भिंतीत पाच-सहा ठिकाणी लाकडातला ओलावा मीटरने मोजा. १५ टक्क्यांच्या वर आकडा आला तर ती भिंत त्या दिवशी बंद करू नका.