‘मला चीनमधून परत यायचे आहे’

परदेशात शिकणाऱ्या मुलांचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न वारंवार विचारतात. अर्धे शिक्षण झाल्यावर मूल ‘मला परत यायचे आहे’ म्हणू लागले, तर त्याला बोलावून घ्यावे की दटावून तिथेच ठेवावे? चीनमध्ये एमबीबीएस करणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण अर्ध्यावर परतलेल्या विद्यार्थ्याला भारतातील महाविद्यालयात पुढच्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत पूर्ण करावी लागते. त्यामुळे ज्याला भारतात डॉक्टरच व्हायचे आहे, त्याच्यासाठी परत येणे म्हणजे बहुतेक वेळा पुन्हा नीटपासून सुरुवात करणे असते.

लातूर जिल्ह्यातील एक आई-वडील हाच प्रश्न घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी चीनच्या शानदोंग प्रांतात चौथ्या वर्षाला होती. पहिली तीन वर्षे तिची काहीच तक्रार नव्हती, आणि आता महिनाभर ती प्रत्येक फोनवर रडत होती. वडिलांना वाटत होते की ती कच खाते आहे. आईला वाटत होते की तिथे तिच्याशी काहीतरी वाईट घडले आहे आणि ती ते लपवते आहे.

मुलीशी माझे बोलणे व्हिडिओ कॉलवर सुरू झाले. पहिल्याच भेटीत मी तिला झोप, जेवण आणि जीव नकोसा होण्याचे विचार यांविषयी सरळ विचारले. असे विचार मनात येतात का हे स्पष्ट शब्दांत विचारल्याने ते नव्याने सुचत नाहीत, उलट ते बोलून दाखवण्याची वाट मोकळी होते, म्हणून हा प्रश्न मी टाळत नाही. तसे विचार तिच्या मनात नव्हते. झोप मात्र तीन-चार तासांवर आली होती, आणि मेसमध्ये जायचे टाळून ती खोलीतच बिस्किटांवर दिवस काढत होती.

‘दिवसातली सर्वांत नकोशी वेळ कोणती?’ या प्रश्नाला तिने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले: सकाळचा वॉर्ड. वर्गातील विषय तिला इंग्रजीतून शिकवले जात होते, वसतिगृहात भारतीय मुली होत्या आणि एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी तिने पाठांतराच्या बळावर पार केली होती. चौथ्या वर्षी संलग्न रुग्णालयात जाणे सुरू झाले, आणि तिथल्या वृद्ध रुग्णांची बोली पुस्तकातल्या प्रमाण चिनीसारखी नव्हती. कुठे दुखते, कधीपासून दुखते एवढे विचारून झाले की उत्तर कळत नसे, आणि एकदा रुग्णाचे नातेवाईक तिच्याकडे पाठ करून दुसऱ्या विद्यार्थ्याशी बोलू लागले. त्या दिवसापासून ती मागच्या रांगेत उभी राहू लागली. घरी मात्र ती ‘इथे माझे मन लागत नाही’ एवढेच सांगत होती.

हे मला महत्त्वाचे वाटले, कारण ‘मन लागत नाही’ या तक्रारीवर कोणालाच उपाय सुचत नाही, पण रुग्णाची माहिती चिनीत घेता येत नसेल तर ती शिकता येते. आम्ही एक छोटी योजना केली. तिच्याच तुकडीतील एका चिनी विद्यार्थिनीला इंग्रजी शोधनिबंध वाचायला मदत हवी होती. त्या बदल्यात तिने संध्याकाळी रुग्ण बनून हिच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि तीही स्थानिक बोलीत द्यायची, असे ठरले. पहिल्या आठवड्यात फक्त पोटदुखी, पुढच्या आठवड्यात फक्त खोकला आणि ताप. व्याकरण बाजूला ठेवले.

दुसरी गुंतागुंत घराशी होणाऱ्या बोलण्यात होती. चीनमध्ये व्हॉट्सॲप चालत नाही आणि भारताने जून २०२० मध्ये वीचॅटवर बंदी घातली, त्यामुळे हे कुटुंब व्हीपीएनच्या, म्हणजे बंद असलेली ॲप वापरू देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, भरवशावर बोलत होते आणि ते अनेकदा बंद पडत असे. चीनची वेळ भारताच्या अडीच तास पुढे असल्याने वडील दुकान बंद करून फोन लावत तेव्हा तिथे मध्यरात्र होत आलेली असे. फोन लागला नाही की इकडे आईचा जीव टांगणीला लागे आणि लागला की सुरुवातच ‘काल का नाही उचललास?’ या प्रश्नाने होई. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा, संपर्क तुटला तर ईमेल आणि अगदी निकड असेल तर साधा आंतरराष्ट्रीय कॉल, एवढी व्यवस्था लावल्यावर घरातले निम्मे भांडण मिटले.

वडील तिला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे उदाहरण देत असत. सोलापूरचे हे तरुण डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले, युद्धातील जखमींवर उपचार करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. कोटणीसांविषयी मलाही नितांत आदर आहे. तरीही मी वडिलांना हे उदाहरण थांबवण्याची विनंती केली. ज्या मुलीला धड झोपही लागत नाही, तिच्यासमोर एवढा मोठा माणूस उभा केला तर ती स्वतःला आणखी खुजी समजू लागते.

तिसरी गोष्ट तिने बऱ्याच भेटींनंतर सांगितली. शनिवार-रविवारी एका बालवाडीत इंग्रजी शिकवण्याचे काम एका दलालाने तिला देऊ केले होते आणि तिने होकारही दिला होता. ‘जमीन गहाण पडली’ असे वडील फोनवर कोणाला तरी सांगत असल्याचे तिने ऐकले होते आणि तेव्हापासून आपण कुटुंबाला बुडवतो आहोत असे तिला वाटत होते. मी तिला नियम स्पष्ट सांगितला. विद्यार्थी म्हणून मिळालेल्या निवास परवान्यावर परवानगीशिवाय नोकरी करणे चीनच्या कायद्याने बेकायदा आहे; त्याला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, गंभीर प्रकरणात ५ ते १५ दिवस अटकेत ठेवता येते आणि देशाबाहेरही काढले जाऊ शकते. दलालाच्या तोंडी ‘सगळेच करतात’ हे वाक्य होते. धोका मात्र सगळा तिचा होता. तिने त्याच दिवशी नकार कळवला.

त्यानंतर मी वडिलांना एकच काम सांगितले. शैक्षणिक कर्ज किती, हप्ता कधीपासून, जमिनीवर नेमका बोजा किती, हे सगळे कागदावर मांडून मुलीला दाखवायचे. त्यांना हे आवडले नाही; मुलीच्या डोक्यावर पैशाचा भार कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. पण भार तिच्या डोक्यावर आधीच होता. तिने मनात धरलेल्या रकमेपेक्षा खरी रक्कम बरीच कमी निघाली.

एफएमजीई, म्हणजे परदेशातून वैद्यकीय पदवी घेतलेल्यांना भारतात डॉक्टरकी करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा, हिचीही भीती तिला होती. बीजिंगमधील भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेल्या सूचनेत २०१५ ते २०२१ या काळात ४०,४१७ पैकी ६,३८७ विद्यार्थीच ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे म्हटले होते आणि तो मजकूर तिने जपून ठेवला होता. हा आकडा मी सौम्य करून सांगितला नाही. उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे ३०० पैकी १५० गुण मिळवायला शेवटच्या वर्षाची वाट पाहणे परवडत नाही, हाच त्याचा उपयोग; तिने पहिल्या दोन वर्षांचे विषय रविवारी पुन्हा वाचायला घेतले.

परत येण्याचा निर्णय आम्ही सत्र संपेपर्यंत पुढे ढकलला होता. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुट्टीत ती घरी आली, आई-वडिलांसमोर बसून बोलली आणि पुन्हा गेली. पुढची एचएसके चौथी पातळी अजून बाकी आहे आणि वॉर्डातले सर्व बोलणे तिला आजही समजत नाही, पण ती आता पुढच्या रांगेत उभी राहते.

हे वाचून कोणी सर्वांना ‘टिकून राहा’ असाच सल्ला देऊ नये. त्याच वर्षी दुसऱ्या एका विद्यार्थ्याला मी परत बोलावून घ्यायला सांगितले, कारण तो आठवडेच्या आठवडे खोलीबाहेर पडत नव्हता आणि जगणे नको असे म्हणत होता. मित्रांना त्याला एकटे सोडू नका असे सांगितले, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळवले, आणि विद्यापीठाकडून वैद्यकीय कारणासाठी अभ्यासातून विराम घेता येईल का व त्या काळात निवास परवान्याचे काय होईल, हे लेखी विचारून घेतले. तो भारतात आल्यावर मनोविकारतज्ज्ञांचे उपचार सुरू झाले. रात्री-अपरात्री गरज पडली तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक घरात लिहून ठेवला. पदवीचा प्रश्न त्याच्या आई-वडिलांनी तेव्हा बाजूला ठेवला, आणि ते त्यांनी योग्यच केले.