बुडतं राज्य सावरणारा महीपाल

प्रश्न : बंगाल-बिहारवर राज्य करणाऱ्या पाल घराण्याच्या पडत्या काळात महीपालाने नेमकं काय केलं?

उत्तर : दहाव्या शतकाच्या अखेरीस पालांच्या हातून उत्तर बंगाल गेला होता, तिथे कांबोज राजे बसले होते. ‘हक्क नसलेल्यांनी बळकावलेलं वडिलोपार्जित राज्य परत मिळवलं’, असं बाणगडच्या ताम्रपटात पहिला महीपाल अभिमानाने नोंदवतो. पुढे दक्षिणेतल्या राजेंद्र चोळाच्या सैन्याने त्याला हरवलं, पण राज्य टिकलं.

मला मात्र त्याची लढायांपेक्षा डागडुजी भावते. सारनाथच्या बुद्धमूर्तीच्या बैठकीवर संवत १०८३चा, म्हणजे इ.स. १०२६चा लेख आहे. त्यात महीपालाच्या कारकिर्दीत स्थिरपाल आणि वसंतपाल यांनी धर्मराजिका स्तूप दुरुस्त केल्याचं आणि नवी गंधकुटी, म्हणजे बुद्धाचं मंदिर, बांधल्याचं म्हटलंय. त्या स्तूपापाशी मी बराच वेळ उभा होतो. आता उरलाय विटांचा गोल पाया. वरचं सगळं १७९४ साली बांधकामासाठी खणून नेलं. फार वाईट वाटलं.

आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी बंगालात धान कांडताना गाणी असत. ‘धान कांडताना महीपालाचं गीत’ ही म्हण तिथे अजून आहे. दिनाजपूरचा महीपाल दिघी हा भलामोठा तलावही त्याच्याच नावाने ओळखला जातो.