पुढील स्टेशन, डोंबिवली

प्रश्न : मी नाशिकला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दोन बालरोगतज्ज्ञ, एक मानसोपचारतज्ज्ञ, दोन स्पीच थेरपिस्ट, एक मानसशास्त्रज्ञ आणि मी असे सात जण महिन्यातून एकदा जमून ऑटिझम आणि न्यूरोडायव्हर्सिटीवर (माणसांच्या मेंदूंची घडण वेगवेगळी असणं स्वाभाविकच आहे, या विचारावर) वाचायचं म्हणतोय. आमच्यातले एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात, ‘आत्मकथनं वाचून निदान करता येत नाही, त्यापेक्षा जर्नल वाचा.’ सुरुवात कशानं करावी? पालकांना आणि ऑटिस्टिक व्यक्तींना बोलवावं का?

उत्तर : तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. आमच्या ठाण्याच्या गटानेही जर्नलपासूनच सुरुवात केली होती आणि त्याच वाचनाने मला माझी सर्वांत मोठी चूक दाखवली. तेच आधी सांगते.

माझ्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा यायचा. दहा-पंधरा मिनिटं कोडी जुळवून झाली की लोकलमध्ये स्टेशनांची नावं सांगणाऱ्या बाईंच्या हुबेहूब स्वरात म्हणायचा, ‘पुढील स्टेशन, डोंबिवली.’ थोड्या वेळाने पुन्हा तेच, आवाज चढवून. मग रडारड. मी फाइलमध्ये लिहिलं होतं, ‘इकोलालिया (ऐकलेलं तसंच्या तसं पुन्हा म्हणणं). संदर्भहीन बोलणं.’ एकदा नाही, सात महिने प्रत्येक भेटीला तेच लिहीत होते.

तेव्हा आमच्या गटात लिओ कॅनर यांचे लेख चालू होते. 1943 साली 11 मुलांच्या नोंदींवरून ऑटिझमचं वर्णन करणारे हेच कॅनर. तो लेख बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतो. 1946चा त्यांचा छोटा लेख मात्र फारसा कुणी उघडत नाही. त्यात पॉल नावाचा पाच वर्षांचा मुलगा आहे. तो दवाखान्यात म्हणतो, ‘कुत्र्याला गच्चीतून फेकू नकोस.’ तिथे कुत्राही नसतो आणि गच्चीही नसते. चौकशी केल्यावर कळतं, की तीन वर्षांपूर्वी लंडनच्या एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा गच्चीतून खाली टाकायचा आणि तो परत आणून वैतागलेल्या आईने त्याला हे वाक्य सुनावलं होतं. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं, की पॉल हे वाक्य म्हणून स्वतःला आवरायचा.

मी आमच्या गटात डोंबिवलीची गोष्ट सांगितली. आमच्यातली सर्वांत तरुण स्पीच थेरपिस्ट म्हणाली, ‘मॅडम, तो राहतो कुठे?’

पत्ता फाइलच्या पहिल्याच पानावर होता. डोंबिवली पूर्व.

पुढच्या भेटीला तो तसं म्हणाला तेव्हा मी म्हटलं, ‘घरी जायचंय ना? एवढं एक कोडं, मग डोंबिवली.’ त्याने कोडं पुरं केलं आणि दाराशी जाऊन चपला घालू लागला. रडला नाही. सात महिने ते मूल मला सांगत होतं आणि मी ते लक्षण म्हणून लिहून घेत होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सुरुवात या दोन लेखांनी करा, पण 1943चा लेख वाचताना सावध राहा. आईवडिलांच्या थंडपणाबद्दलच्या त्यातल्या शेऱ्यांचा पुढे किती आयांना त्रास झाला, हे गटात बोललं गेलंच पाहिजे. आईवडिलांच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो, या समजुतीला बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 साली पुस्तकातून उत्तर दिलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही.

तिसऱ्या महिन्यात जिम सिंक्लेअर यांचं ‘डोन्ट मोर्न फॉर अस’ (आमच्यासाठी शोक करू नका) घ्या. एका ऑटिस्टिक व्यक्तीने 1993 साली टोरांटोच्या परिषदेत पालकांसमोर मांडलेलं हे म्हणणं आहे. ते एका बैठकीत वाचून होतं, पण त्यावर बोलायला तीन बैठकाही अपुऱ्या पडतील. त्यानंतर डेमियन मिल्टन यांचा 2012चा लेख. तेही स्वतः ऑटिस्टिक. त्यांचा मुद्दा असा, की समजण्यातली अडचण एकट्या ऑटिस्टिक माणसात नसते, ती दोघांच्या मध्ये असते आणि दोन्ही बाजूंनी असते. मला तर डोंबिवलीच आठवली.

नुसतं वाचून उठू नका. प्रत्येकाने आपल्या जुन्या रिपोर्टमधलं एक वाक्य, नाव-गाव काढून, सोबत आणायचं. ‘नजरेला नजर देत नाही’, ‘विनाकारण हात फडफडवतो’. या ‘विनाकारण’वर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. हात कधी फडफडले, त्याआधी काय झालं होतं, खोलीत आवाज कसला होता, हे लिहिलं तर तो शब्द गळून पडतो. ‘स्वमग्न’ या आपल्या मराठी शब्दावरही बोला. तो मूल स्वतःतच बुडालेलं आहे असं गृहीत धरतो. घरी जायचंय म्हणून मला सतत हाक मारणारा मुलगा स्वमग्न कसा? मी तो शब्द आता वापरत नाही. गटातल्या दोघी वापरतात, कारण खेड्यातल्या आजीला तोच कळतो, आणि त्यांचंही मला पटतं.

एक मात्र सांभाळा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ऑटिझम मोजणारी भारतीय मापनपट्टी भरताना भाषा मवाळ करण्याच्या भरात गुण कमी देऊ नका. 40 बाबी, प्रत्येकीला 1 ते 5, आणि बेरीज 70च्या खाली गेली तर ऑटिझम धरलाच जात नाही. मुलाच्या सवलती जातात. न्यूरोडायव्हर्सिटी म्हणजे मदतीची गरज नाही, असा अर्थ कुणी काढू लागलं तर तिथल्या तिथे अडवा. रात्र रात्र न झोपणारं, न बोलणारं मूल सांभाळणाऱ्या घराला तो अर्थ फार महाग पडतो.

पालकांना बोलवा, पण आपल्याच पेशंटचे पालक नकोत. त्यांना तुमच्यासमोर रागावता येणार नाही. पहिले दोन महिने तुम्ही सातच जण बसा. चुका कबूल करायला तेवढा आडोसा लागतो. तिसऱ्या महिन्यापासून एखाद्या ऑटिस्टिक प्रौढ व्यक्तीला पाहुणा म्हणून नव्हे, तर पुढचं वाचन निवडणारी सभासद म्हणून घ्या. येण्याचं मानधन द्या. प्रश्न आठवडाभर आधी लेखी पाठवा, उत्तरं लेखी आली तरी ती तितक्याच लक्षपूर्वक ऐका. ‘लहानपणी तुम्हाला काय व्हायचं?’ असली केस हिस्टरी घेऊ नका. आणि बैठकीच्या खोलीतली ट्यूबलाइट लुकलुकत असेल, पंखा करकरत असेल, तर त्या व्यक्तीला बोलावण्याआधी ते दुरुस्त करून घ्या.