सेमी ट्रकच्या सीबीवर (ड्रायव्हर एकमेकांशी बोलतात त्या दुतर्फी रेडिओवर) सगळ्यांचं ऐकू येतं, पण माझं लांबवर जात नाही. रेडिओ बदलू का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: फ्रेटलायनर कॅस्केडिया, कोब्रा २९ रेडिओ, दोन्ही आरशांवर चार फुटी फायबरग्लासचे अँटेना. उजवीकडचा तुटला म्हणून दुसऱ्या कंपनीचा लावला. तेव्हापासून १९ नंबरच्या चॅनेलवर इतरांचं स्वच्छ ऐकू येतं, यार्डात शेजारच्या ट्रकला तुमचंही ऐकू जातं, पण अर्ध्या मैलापुढून कुणी उत्तर देत नाही.

रेडिओ बदलू नका, निदान आत्ता तरी. शेजारच्याला तुमचे शब्द कळतात, म्हणजे माइक आणि त्याचं बटण काम करतंय आणि रेडिओ आवाज बाहेर सोडतोय. दोष बहुतेक अँटेनाच्या बाजूला आहे. ‘ऐकू छान येतं म्हणजे अँटेना चांगलाच’ हा समज मात्र सोडा. ऐकण्यासाठी रेडिओला अत्यंत क्षीण सिग्नल पुरतो, त्यामुळे अर्धवट तुटलेल्या केबलवरही जवळपासचे ट्रक स्पष्ट ऐकू येतात. बोलताना तुमचे जेमतेम ४ वॅट त्याच केबलमधून बाहेर पडायचे असतात. जेवढे पडत नाहीत तेवढे उलटे फिरतात आणि रेडिओतला शेवटचा ट्रान्झिस्टर तापवतात. म्हणून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती उलटी फिरते ते दाखवणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) मोजेपर्यंत बटण धरून लांबलचक ‘रेडिओ चेक’ मागत बसू नका.

माझा पहिला संशय नव्या अँटेनावरच आहे. दोन अँटेनांची जोडी ‘को-फेज’ केबलवर चालते: टी-जोडापासून दोन्ही बाजूंना ७५ ओहमची, सारख्या लांबीची, बहुधा १८-१८ फुटांची केबल. १८ फूटच का? २७ मेगाहर्ट्झला केबलच्या आत पाव तरंगलांबी साधारण ६ फूट भरते. तिची तिप्पट लांबी घेतली की अँटेनाचे ५० ओहम टी-जोडापाशी ११२ च्या आसपास दिसतात. दोन्ही बाजू समांतर जोडल्या की ५६ उरतात आणि रेडिओला तेवढे चालतात. हा हिशेब दोन्ही अँटेना अगदी सारखे असतील तरच जमतो. एक बाजू वेगळ्या मेकची, वेगळ्या लांबीची किंवा वेगळी ट्यून केलेली असली की सगळं बिघडतं. जोडी एकाच मेकची, एकाच मॉडेलची घ्या, आणि ट्यून करताना दोन्हीकडे सारखीच हालचाल करा. एकच अँटेना ठेवायचा असेल तर को-फेज केबलची एक बाजू मोकळी सोडून भागत नाही, ५० ओहमची एकेरी केबल टाकावी लागते. (कितीतरी ट्रकांवर दुसरा अँटेना नुसता शोभेला असतो, त्याला केबलच नसते. तुमच्याकडे तसं आहे का, तेही एकदा बघून घ्या.)

जादा केबल कापू नका आणि घट्ट वेटोळंही करू नका. फूटभर लांबीचा सैल इंग्रजी आठाचा आकडा करून बांधा.

आता मल्टीमीटर घ्या. रेडिओच्या मागचा पीएल-२५९ कनेक्टर सोडवा, आणि दोन्ही अँटेना स्टडवरून (ज्या बोल्टवर ते बसतात त्यावरून) काढून ठेवा. काही अँटेनांच्या आत कॉइल जमिनीला जोडलेली असते, ते लावलेले असताना मोजलं तर उगाच शॉर्ट दिसतो. मग कनेक्टरची मधली पिन आणि बाहेरची कडी यांत मोजा. इथे काहीही जोडलेलं दिसता कामा नये. शॉर्ट दिसला तर पहिल्यांदा आरशाच्या माउंटवरचा स्टड उघडा. त्यात प्लास्टिकचा खांद्यासारखा एक वॉशर असतो, तो स्टडला ब्रॅकेटपासून वेगळा ठेवतो. अँटेना बदलताना हा वॉशर उलटा बसतो, चिरडतो किंवा हरवतो, आणि सगळी शक्ती तिथेच जमिनीला जाते. नवा अँटेना लावल्यावर लगेच बिघाड सुरू झाला असेल, तर मॉडेलच्या फरकाआधी हा वॉशर तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

वॉशर ठीक असेल तर मधल्या पिनपासून प्रत्येक स्टडपर्यंत शून्याच्या जवळ ओहम दिसायला हवेत. मोजताना केबल दाराच्या बिजागरीपाशी हलवून बघा. दार हजारदा उघडून-मिटून केबल नेमकी तिथेच आतून तुटते, वरून ती धडधाकट दिसते. कनेक्टरमध्ये पाणी शिरून आतली जाळी हिरवी-काळी पडली असेल तर तेवढा तुकडा पुसून उपयोग नाही, केबल बदला.

पुढचं अर्थिंग. नव्या ट्रकांत आरशाचा बराच भाग प्लास्टिकचा असतो, नाहीतर रंगाचा जाड थर आणि रबरी वॉशर मध्ये येतात. त्यामुळे ब्रॅकेट धातूचा असला तरी चासीपासून तुटलेला राहतो. ब्रॅकेट आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत १ ओहमपेक्षा कमी दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर अर्धा इंच रुंद, विणलेली तांब्याची पट्टी ब्रॅकेटपासून दाराच्या धातूला आणि दारापासून कॅबच्या सांगाड्याला लावा. रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस लावा. पट्टी जितकी आखूड आणि रुंद तितकी चांगली. बारीक वायर मीटरवर शून्य ओहम दाखवेल, पण २७ मेगाहर्ट्झला ती नीट अर्थ देत नाही.

एवढं झालं की एसडब्ल्यूआर मोजा. रेडिओतला मीटर अंदाजापुरता ठीक, पण बाहेरचा साधा मीटर घेतलेला बरा. रेडिओ आणि मीटर यांच्यात ३ फुटांपेक्षा आखूड जोडकेबल ठेवा. ट्रक मोकळ्या जागेत उभा करा: शेडमध्ये नाही, दुसऱ्या ट्रकला खेटून नाही, भिंतीपासून पन्नासेक फूट लांब. दारं बंद, आणि नेहमी ओढता तो ट्रेलर मागे जोडलेला, कारण मागचा धातू अँटेनाचं ट्यूनिंग बदलतो. १९ नंबरवर लोक बोलत असतील तर थांबा. मीटर ‘फॉरवर्ड’वर ठेवून बटण दाबा, कॅलिब्रेशनची कळ फिरवून काटा खुणेवर आणा, ‘रिफ्लेक्टेड’वर टाका, आकडा वाचा, बटण सोडा. हे १, १९ आणि ४० या तिन्ही चॅनेलवर करा, आणि दर वेळी कॅलिब्रेशन नव्याने.

तिन्हीकडे १.५ च्या आत असेल तर अँटेनाची बाजू ठीक आहे. १.५ ला जेमतेम ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला चक्क २५ टक्के. दोनपर्यंत चालवून घेता येतं, तीनला बोलूच नका. १ वर जास्त आणि ४० वर कमी आलं तर अँटेना आखूड पडतोय, टोकाचा स्क्रू बाहेर काढून लांब करा. ४० वर जास्त आणि १ वर कमी आलं तर उलट, आत घ्या. फिरवताना दोन्ही अँटेना सारखेच फिरवा, दर वेळी थोडंसंच, आणि लॉकनट आवळून मगच पुन्हा मोजा. तिन्ही चॅनेलवर तीनच्या वर असेल तर स्क्रूशी खेळू नका, तो ट्यूनिंगचा प्रश्नच नाही. शॉर्ट, तुटलेली केबल किंवा नसलेलं अर्थिंग, या तिघांपैकी काहीतरी नजरेतून सुटलंय.

सुटलेलं सापडत नसेल तर कंपनीची वायरिंग बाजूला काढा. काही ट्रकांत सीबीचा अँटेना गाण्यांच्या रेडिओबरोबर एका डब्यातून वाटून घेतलेला असतो, आणि तो डबा बिघडला की नेमकं तुमच्यासारखंच होतं. ५० ओहमची १८ फुटी केबल आणि एक तपासलेला अँटेना तात्पुरता खिडकीतून बाहेर काढून, नीट अर्थ असलेल्या ब्रॅकेटवर लावून मोजा. आकडा सुधारला की दोष आधीच्या केबलमध्ये किंवा त्या डब्यात.

एसडब्ल्यूआर चांगला असूनही आवाज पोचत नसेल तेव्हाच रेडिओकडे वळा. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (शक्ती हवेत न सोडता जिरवणारा रोधक) आणि मध्ये वॅटमीटर लावा. एएमवर न बोलता बटण दाबलं की ४ वॅटच्या आसपास दिसायला हवं. पीक दाखवणारा मीटर असेल तर जोरात बोलल्यावर काटा १६ पर्यंत जाऊ शकतो, साध्या मीटरवर फारसा हलणार नाही. एक-दीड वॅटच दिसलं तर आधी व्होल्टेज बघा: रेडिओच्या पाठीमागे, इंजिन चालू, बटण दाबलेलं. १३.८ च्या जवळपास हवं. बटण दाबताच अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घसरलं तर फ्यूजहोल्डर किंवा निगेटिव्हचा जोड सैल आहे. (भारतातल्या अवजड ट्रकच्या २४ व्होल्टची सवय असेल तर लक्षात ठेवा, अमेरिकेतल्या ट्रकात सगळ्या बॅटऱ्या समांतर जोडून १२ व्होल्टच असतात.) व्होल्टेज ठीक आणि तरी वॅट नाहीत, तर शेवटचा ट्रान्झिस्टर गेलाय. तो बदलून मिळतो.

वॅट आहेत पण आवाज दबका, अशी तक्रार असेल तर डायनामाइकची (माइकचा आवाज कमी-जास्त करणारी) कळ कमी केलेली नाही ना बघा. आरएफ गेन आणि स्क्वेल्च फक्त ऐकण्यापुरते असतात, ते फिरवून तुमचा आवाज वाढणार नाही. नॉइज कॅन्सलिंग माइक ओठांना जवळजवळ टेकवूनच बोलायचा, आणि मागची भोकं बोटांनी झाकायची नाहीत. बटण दाबूनही ट्रान्समिटचा दिवा लागत नसेल तर कोब्राच्या चार पिनी माइकमधली ३ नंबरची वायर पाहा. दिवा लागतो पण आवाज नाही, तर २ नंबरची. दोन्ही बहुधा माइकच्या मानेपाशी तुटतात.

ट्रक स्टॉपवर लिनियर अॅम्प्लिफायर (रेडिओचे वॅट वाढवणारा डबा) लावायचा सल्ला नक्की मिळेल. अमेरिकेत सीबीला तो बेकायदा आहे, आणि बिघडलेल्या अँटेनावर लावला तर तोही जळेल.

सगळं जुळल्यावर सपाट रस्त्यावर ट्रक ते ट्रक ३ ते ५ मैल मिळायला हरकत नाही, डोंगरात त्याहून कमी. सूर्यावरच्या हालचाली वाढलेल्या काळात शेकडो मैलांवरचे आवाज १९ वर येऊन बसतात आणि जवळचं बोलणं दाबतात. अशा दिवशी उत्तर आलं नाही म्हणून स्टड उघडू नका. शिवाय हल्ली सीबी चालू ठेवणारे ड्रायव्हरच कमी झालेत. खात्री करायची तर ओळखीच्या ड्रायव्हरला फोनवर सांगून दोन मैलांवर थांबायला लावा आणि त्याच्याकडून ऐकून घ्या.