‘मीच त्या गाठीला खाऊ घातलं का?’

‘शेक पूर्ण घेतले, तरी गाठ राहिली. आमचं काय चुकलं?’

परळमध्ये समुपदेशक म्हणून कॅन्सरच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायला बसते, त्याला आता १४ वर्षं झाली. हा प्रश्न महिन्यातून दोन-चारदा तरी येतोच. (शेक, लाइट, करंट... रेडिएशनला आमच्याकडे येणारी माणसं यातलं काहीही म्हणतात.) अलीकडे त्याला एक शेपूट जोडलं गेलंय: ‘मोबाइलवर वाचलं, कॅन्सरच्या स्टेम सेल असतात. त्या शेकाने मरतच नाहीत म्हणे.’

शालनताईही तेच विचारत आल्या होत्या. नाव आणि काही तपशील अर्थातच बदललेत. भांडुपचं घर, यजमान एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. जिभेच्या मुळाशी कॅन्सर, मानेत गाठ. सात आठवडे, ३५ शेक, सोबत आठवड्याला एकदा केमो. तीन महिन्यांनी आजार कुठे उरलाय ते बघायला पेट (PET) स्कॅन केला. जिभेचा आजार गेला होता, मानेतली गाठ मात्र तशीच. डॉक्टर म्हणाले, गाठ रेडिएशनला रेझिस्टंट निघाली, मानेचं ऑपरेशन करू. शालनताई होही म्हणेनात, नाहीही म्हणेनात. तारीख दोनदा पुढे गेली तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत मुलगाच बोलला. इंटरनेटवरचे कागद छापून आणले होते. शालनताई एकदाच बोलल्या.

“आमच्या शेतात लव्हाळा असायचा. वरून कितीही खुरपा, खाली गाठी तशाच. हे तसंच ना?”

मला उपमा इतकी आवडली की तिथेच फसले. प्रश्न विज्ञानाचा आहे असं धरून दोन भेटी मी समजावत बसले. सांगितलं ते खोटं नव्हतं. टोरोंटोच्या जॉन डिक यांच्या गटाने १९९४ साली रक्ताच्या कॅन्सरमध्ये दाखवलं, की सगळ्या पेशी सारख्या नसतात. उंदरात आजार पुन्हा उभा करण्याची ताकद त्यातल्या मोजक्याच पेशींत असते. त्यांनाच कॅन्सरच्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, म्हणतात. २००६ मध्ये अमेरिकेत मेंदूच्या गाठींवर काम करताना दिसलं, की अशा पेशी शेकाने तुटलेला आपला डीएनए इतरांपेक्षा चपळाईने दुरुस्त करतात. शिवाय शेकाचा घाव पक्का व्हायला प्राणवायू लागतो. गाठीच्या आत, जिथे रक्त नीट पोचत नाही, तिथल्या पेशींना मारायला जवळजवळ अडीच ते तीनपट डोस लागू शकतो. शेक एका दमात न देता रोज थोडा थोडा देतात, त्याचं हेही एक कारण. बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांपर्यंत प्राणवायू पोचतो आणि पुढच्या शेकात त्या सापडतात. लव्हाळ्याची उपमाही पुरती बसत नाही. इथे पातं आणि गाठ कायमची वेगळी नसतात; साधी पेशीसुद्धा पुन्हा मूळ पेशीसारखी वागू लागल्याचं प्रयोगांत दिसलंय.

मुलाचं समाधान झालं. शालनताई मान डोलवत राहिल्या आणि ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली.

तिसऱ्या भेटीला यजमान आले. घसा कोरडा, हातात पाण्याची बाटली. जाता जाता हसत म्हणाले, “मॅडम, हिला जरा सांगा. पेज-भातावर दोन चमचे तूप असायचं, तेही बंद केलंय हिने. च्यवनप्राशची बरणी तर कुठे लपवलीय देव जाणे.”

शालनताईंनी खाली पाहिलं. त्यांना थांबवून बाकीच्यांना मी बाहेर बसायला सांगितलं.

“तूप का बंद केलंत, ताई?”

बराच वेळ काही नाही. मी पुन्हा विचारलं नाही. अशा वेळी गप्प राहणं ही मला उशिरा आलेली विद्या आहे.

“डॉक्टर म्हणाले ना, आजाराची प्रतिकारशक्ती वाढलीय.”

“असं म्हणाले?”

“ते इंग्रजीत बोलले. पोराने मराठीत सांगितलं.” मग एकदम, “ती मीच वाढवली, मॅडम. सात आठवडे रोज सकाळी गुळवेलीचा काढा. डॉक्टरांना न सांगता. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून. ती वाढली, पण त्यांची नाही, गाठीची. मीच खाऊ घातलं तिला. आता ऑपरेशनला हो म्हणायचं मी कोण?”

१४ वर्षं हा प्रश्न ऐकूनही मला हे सुचलं नव्हतं. डॉक्टरांचा ‘रेझिस्टंट’ पोराच्या मराठीत ‘प्रतिकारशक्ती’ झाला होता. मराठीत प्रतिकारशक्ती हा शब्द नेहमी आपल्या बाजूचा. करोनानंतर तर घराघरात ती वाढवायची मोहीमच निघाली होती. तोच शब्द शत्रूच्या तोंडी आला आणि या बाईने त्याचा सरळ अर्थ लावला. उपाशी ठेवायचं होतं गाठीला, उपाशी राहत होता नवरा.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. माणसाला घटनेपेक्षा तिचा लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मी धरून चालते. पण अर्थ खोडायच्या आधी तो सापडावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरात सापडतो. त्या दिवशी मी घटना आणि तिचा अर्थ मांडायचा नेहमीचा तक्ता काढला नाही. फक्त म्हटलं, “ताई, शरीराची प्रतिकारशक्ती वेगळी आणि गाठीचा चिवटपणा वेगळा. शब्द एक आहे, वस्तू दोन.”

“चिवटपणा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे अंगचाच?”

“काढा नेमकं काय करतो ते मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. मी सोबत येते.”

‘तुमची काही चूक नाही हो’ असं झटकन म्हणणं सोपं होतं. मी ते कधीच म्हणत नाही, कारण दोषी माणसाला ते खोटं वाटतं. आणि काही गोष्टी खरंच हातात असतात: मधले शेक न चुकवणं, त्या काळात विडी-सिगारेट बंद ठेवणं. शेक रेंगाळले तर उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “तेव्हा सांगितलं असतं तर मी काढा थांबवला असता. पण गाठ काढ्यामुळे राहिली, असं म्हणायला मला काहीही आधार दिसत नाही.” शालनताई त्या पहिल्या वाक्यावर रडल्या आणि, मला वाटतं, त्याच वाक्यामुळे त्यांनी दुसरं खरं मानलं. मग त्यांनी आपणहून विचारलं, “शेकाला चिवट, म्हणजे चाकूलाही चिवट?” डॉक्टर म्हणाले, “नाही. पेशीला डीएनए दुरुस्त करता येतो की नाही, याने चाकूला फरक पडत नाही. गाठ पूर्ण निघते का, एवढाच प्रश्न.”

तुमच्या घरी हा प्रश्न आला असेल तर स्टेम सेलवर व्हिडिओ बघत बसू नका. रोजच्या उपचारात त्या मोजणारी तपासणी नाही, त्यामुळे ‘यांच्यात जास्त होत्या का’ याचं उत्तर कुणी देऊ शकणार नाही. डॉक्टरांना विचारायचं ते हे: उरलेलं नक्की जिवंत आहे की नुसती सूज, ते कसं ठरवलंत? काढता येईल का? नाही काढलं तर पुढे काय? आणि चोरून दिलेला काढा, चूर्ण, गोळ्या, सगळं सांगून टाका. मोठ्या मात्रेतल्या अँटिऑक्सिडंट गोळ्या शेकाच्या काळात नको, असं बरेच डॉक्टर सांगतात, पण विचारलं तरच. घरातल्या पोरांना एक विनंती: डॉक्टरांचा शब्द आईला मराठीत सांगितलात, की तिने काय ऐकलं ते तिच्याच तोंडून वदवून घ्या.

ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी शालनताईंचा मेसेज आला. नळी निघाली की पेजेत तूप आणि सकाळी चमचाभर च्यवनप्राश देऊ का?

मी लिहिलं, डॉक्टरांना विचारा.

उत्तर आलं, “विचारलंय. तुम्हाला नुसतं सांगतेय.”