लोअरिंग स्प्रिंग आणि कॅम्बर प्लेट बसवल्यावर पुढच्या चाकांचे अलाइनमेंट कोणत्या क्रमाने करावे?

आधी कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), मग कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत-बाहेर झुकण्याचा कोन) आणि अगदी शेवटी टो (चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर वळलेली असणे), हाच क्रम ठेवावा. कॅम्बर प्लेट सरकवली की स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरच्या खांबाचे) वरचे टोक आत-बाहेर झुकते, टाय रॉडची (स्टिअरिंग रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याची) लांबी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे आधी काळजीपूर्वक जुळवलेला टो बिघडतो आणि ते काम पुन्हा करावे लागते. टो जुळवताना स्टिअरिंग व्हील सरळ स्थितीत पक्के बांधून प्रत्येक बाजू तिच्याच टाय रॉडने जुळवावी आणि त्याआधी रॅकच्या रबरी बूटची (आवरणाची) टाय रॉडवरची बाहेरची क्लिप सैल करावी, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळवटून फाटतो, आणि हे फार वेळा दुर्लक्षिले जाते. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अंतिम ताकदीने आवळावेत. मात्र कंपनीने दिलेली मापे मूळ उंचीसाठी असतात. गाडी खाली आल्यावर कॅम्बर त्यांपेक्षा थोडा अधिक ऋण (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) राहिला तरी चालेल, पण टो कंपनीच्या मर्यादेतच हवा, कारण टायरची आतली कड मुख्यतः चुकलेल्या टोमुळेच झिजते.