सहा कॅलरींचं कॅफीन

खुर्चीत नीट टेकण्याआधीच तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात यादी होती: ब्लॅक कॉफी, ग्रीन टी, साखर नसलेलं एनर्जी ड्रिंक, लोणी घातलेली कॉफी, कॅफीनची कॅप्सूल. प्रत्येकापुढे दहापैकी गुण दिलेले. "मॅडम, कॅफीनने चरबी जळते ना? मग ते यातल्या कशातून घेऊ, एवढंच सांगा. बाकी डाएट माझं व्यवस्थित चाललंय."

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. माणसं बदलतात, यादी साधारण तीच. म्हणून तिच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं गाळून, ही केस लिहितेय. वय ३४, बैठं काम. दोन महिन्यांत वजन ७४ वरून ७१.५ किलोवर आणलं होतं, आणि पुढचे सहा आठवडे काटा तिथेच रुतून बसला होता.

"यादी बघू नंतर," मी म्हटलं. "आत्ता दिवसभरात काय काय पिता?"

"फक्त ग्रीन टी."

आहाराच्या नोंदीत 'फक्त' हा शब्द आला की मी पेन खाली ठेवते आणि पुन्हा विचारते. हळूहळू दिवस उलगडला. सकाळी आठला एक कॅप्सूल, 'मेटाबॉलिझम वाढवणारी'. मग नाक दाबून दोन कप ग्रीन टी. साडेदहाला ऑफिसात मशीनची मोठी कॉफी. संध्याकाळी पाचला तशीच आणखी एक, कारण तेव्हा डोळे मिटायला लागतात. "पण ती कॉफी मी धरलीच नाही," ती म्हणाली, "ती काय मी वजनासाठी पीत नाही."

वजनाला हे कोण सांगणार!

आम्ही दोघींनी कागदावर मांडलं. ग्रीन टीच्या कपात साधारण ३० मिलीग्रॅम कॅफीन, म्हणजे दोन कपांचं ६०. मोठ्या कॉफीत एस्प्रेसोचे दोन शॉट, एकात अंदाजे ६३ मिलीग्रॅम, म्हणून दोन कॉफ्यांचं २५०. कॅप्सूलच्या डबीवर बारीक अक्षरांत २००. बेरीज ५१० मिलीग्रॅम. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ४०० मिलीग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० पर्यंत ठीक मानतात. म्हणजे 'कॅफीन कशातून घेऊ' असं विचारणारी ही बाई आधीच मर्यादा ओलांडून बसली होती.

आता कॅलरी. साधारण ३५० मिलीच्या त्या कपात २८० मिली साय न काढलेलं दूध, त्याच्या पावणेदोनशे कॅलरी. दोन चमचे साखर, आणखी ३२. एका कपाला दोनशेच्या पुढे, दोन कपांना चारशेच्या पुढे. जेवणात ती घास मोजत होती, आणि त्याच वेळी एका छोट्या जेवणाएवढा ऐवज हिशेबाबाहेर पीत होती.

"पण कॅफीनने तेवढं जळत असेल ना?" तिने आशेने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी आकड्यातच देते, कारण 'फारसं नाही' म्हटलेलं कोणी ऐकत नाही. कॅफीनने ऊर्जेचा खर्च वाढतो हे खोटं नाही. १०० मिलीग्रॅम घेतल्यावर पुढचे अडीचेक तास शरीराचा विश्रांतीतला खर्च ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो, असं मोजमाप १९८९ मध्येच झालंय. चरबी जाळणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती असल्याच टक्क्यांवर उभ्या असतात. फक्त टक्के कशाचे, ते सांगत नाहीत. तिचा विश्रांतीतला खर्च दिवसाला १,४०० कॅलरी धरू. अडीच तासांच्या वाट्याला त्यातल्या १४६ येतात. १४६ चे ४ टक्के काढा. सहा. सहा कॅलरी! साखरेच्या एका चमच्यात १६ असतात. म्हणजे १०० मिलीग्रॅम कॅफीनने जे जळतं ते साखरेच्या अर्ध्या चमच्याएवढंही नाही. तिचं सगळं ५१० मिलीग्रॅम धरलं तरी तीसच्या आसपास, आणि रोजच्या सवयीने शरीर सरावलं की तेही कमी होत जातं.

ती बराच वेळ त्या सहाच्या आकड्याकडे बघत राहिली. मग मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

इथवर सगळं छान झालं, आणि इथेच मी चुकले. हिशेब इतका लख्ख दिसत होता की मी उत्साहात सांगून टाकलं, कॅप्सूल आजपासून बंद, मशीनची कॉफी बंद, सकाळी एक ब्लॅक कॉफी बास. पाचशेवरून शंभरावर, एका रात्रीत.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, डोकं फुटायची वेळ आलीय. काल मीटिंगमध्ये कुणावर तरी उगाच ओरडले. आणि रात्री चॉकलेटचा अख्खा बार खाल्ला." कॅफीन अचानक तोडलं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ, चिडचिड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत ती शिगेला पोचते आणि कधीकधी आठवडाभर रेंगाळते. मला हे पाठ आहे. तरी सांगायचं राहिलं, कारण माझं सगळं लक्ष कॅलरींकडे होतं. मी तिची माफी मागितली. कॅप्सूल मात्र पुन्हा सुरू करू दिली नाही. सकाळी ग्रीन टीऐवजी साधी कॉफी, दुपारच्या आत दुसरी आणि गरज पडली तर लहान तिसरी, असं ठरलं. तिथून दर आठवड्याला थोडं थोडं उतरायचं. साखरही तशीच, आठवड्याला अर्धा चमचा कमी. जीभ वळायला वेळ घेते, पण वळते.

दुसऱ्या भेटीत मी ते विचारलं जे पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. झोप कशी आहे?

"कॉफीचा मला काही त्रास नाही हो. पडल्या पडल्या डोळा लागतो." जरा थांबून म्हणाली, "तीनला जाग येते, ते सोडा. ते वयामुळे असेल."

चौतिसाव्या वर्षी!

कॅफीन करतं काय, ते इथे सांगायला हवं. दिवसभर मेंदूत अडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि त्यामुळे झोप येते. कॅफीन अडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. थकवा घालवत नाही, थकव्याचा निरोप पोचू देत नाही. मग यकृत ते सावकाश निकाली काढतं. बहुतेकांच्या रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात, पण माणसामाणसात यात फार फरक असतो. बरोबर याच जागी तिने तिच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचं उदाहरण दिलं. तो म्हणे रात्री नऊला कॉफी पिऊन ढाराढूर झोपतो.

"सिगारेट ओढतो का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

कळलं नव्हतं, अंदाज होता. धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगाने निघून जातं. त्याच्याशी तुलना करण्यात अर्थ नव्हता. मग विचारलं, "तुमच्या काही गोळ्या चालू आहेत?" थायरॉइडची नाही, रक्तदाबाची नाही. निघता निघता म्हणाली, गर्भनिरोधक गोळ्या आहेत, पण त्या काय औषध नव्हेत.

मी तिला परत बसवलं. या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये कॅफीन निम्मं व्हायला लागणारा वेळ जवळपास दुप्पट होतो. पाचाच्या जागी दहा तास धरा. संध्याकाळी पाचच्या कॉफीतलं १२५ मिलीग्रॅम. दहा तासांनी किती वाजतात? पहाटेचे तीन. अंगात उरलेलं कॅफीन साठहून थोडं जास्त, म्हणजे एक कप इन्स्टंट कॉफी. सकाळचं उरलंसुरलं वेगळंच. तिची तीनची जाग त्यामुळेच होती असं मी छातीठोक म्हणणार नाही, जाग येण्याची कारणं पन्नास असतात. पण झोपताना कुणी तिच्या उशाशी कॉफीचा कप आणून ठेवला असता तर तिने तो नक्कीच प्यायला नसता.

गोळ्या बंद करा असं मी म्हटलं नाही, ते माझं क्षेत्रच नव्हे. कॉफीची वेळ तेवढी हलवली: दुपारी बारानंतर कॅफीन नाही. नेहमीच्या वेगाने कॅफीन पचवणाऱ्यांनाही झोपेआधी सहा तासांचं अंतर पुरतंच असं नाही. झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलीग्रॅम घेतलं तरी झोप एक तासाहून जास्त घटते, हे २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आणि झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, त्यातही गोडाची. तिचं चक्र हेच होतं. तीनला जाग, पाचला डोळे मिटणं, मग दूध-साखरेची मोठी कॉफी, आणि पुन्हा तीनला जाग.

कॅप्सूलची डबी तिने तिसऱ्या भेटीत आणली. कॅफीनचा आकडा निदान छापलेला होता. पण ग्रीन टीचा अर्क आणि आणखी सहा-सात वनस्पती एकाच मिश्रणात घालून त्यांचा मिळून एक आकडा दिला होता. कशाचं किती, पत्ता नाही. कपातली ग्रीन टी आणि तिचा अर्क यांचं नाव एक असलं तरी मात्रा सारखी नसते. २०१८ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं होतं की पूरक गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन (वनस्पतींत सापडणारा एक प्रकारचा घटक), पोटात गेलं तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात. याच कारणासाठी मला गोळी आणि पावडर या दोन्ही वाटा नकोशा वाटतात. कॉफी जास्त झाली तर पोट आणि जीभ थांबवतात, कॅप्सूल गिळताना कुणी थांबवत नाही. शुद्ध कॅफीनची पावडर तर घरात आणूच नये. तिच्या एका चमच्यात सुमारे २८ कप कॉफीएवढं कॅफीन असतं, आणि तेवढं जिवावर बेतू शकतं.

यादीतल्या बाकीच्यांवर आम्ही फार वेळ घालवला नाही. लोण्याच्या कॉफीत एका मोठ्या चमच्याला शंभर कॅलरी, सहा जाळायला शंभर प्यायच्या. साखरेच्या एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ८० मिलीग्रॅम कॅफीन आणि जवळपास सात चमचे साखर असते. बिनसाखरेच्यात कॅलरी नाहीत हे खरं, पण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडव्यावर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवलंय. तसाही तिला तो प्रकार आवडत नव्हता. ब्लॅक कॉफीत कपाला जेमतेम दोन कॅलरी, पण तीही तिला नको होती. "थोडं तरी दूध हवं हो मॅडम, नाहीतर ती शिक्षा वाटते."

शिक्षा कशाला? ६० मिली दुधाच्या चाळीसेक कॅलरी होतात. दोन कपांच्या ऐंशी. चारशेच्या जागी ऐंशी आल्यावर माझं काहीच म्हणणं नव्हतं.

सकाळचं खाणं झाल्या झाल्या कॉफी घेतली तर गोड खावंसं वाटत नाही, अशी एक युक्ती तिने स्वतःच काढली होती. ती मी तासभर पुढे ढकलायला लावली, कारण तिचं हिमोग्लोबिन काठावर होतं, आणि चहा-कॉफी जेवणाला चिकटून घेतली की वनस्पतिजन्य अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. छातीत धडधडणं, आम्लपित्त, घाबरल्यासारखं होणं यांपैकी काही असतं तर दोन कपही मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिले नसते. गरोदरपणात तर दिवसाची मर्यादाच २०० मिलीग्रॅम धरतात.

बारा आठवड्यांनी काटा ६८.९ वर होता. अडीच किलोच्या वर उतरलं. यातलं कॅफीनने काही उतरवलं असेल असं मला वाटत नाही. तीनची जाग पूर्ण गेली नव्हती, पण आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली होती, आणि पाच वाजता ती आता गरम पाण्याची बाटली घेऊन दहा मिनिटं चालून यायची. क्वचित डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, घ्यायची. तिच्यातही कपाला २ ते १५ मिलीग्रॅम कॅफीन असतं, हे मी सांगून ठेवलं होतं.

उठताना तिला काहीतरी आठवलं. "मॅडम, घरी ग्रीन टीची दीड खोकी पडलीत. त्यांचं काय करू?"

"आवडते का?"

"मुळीच नाही."

"मग नका पिऊ."